दंडारीची ध्वनिमुद्रणे आणि फोटो : फाइली आवरण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर वापरावे?

प्रश्न : वाचनालय कार्यकर्ता, लाखांदूर तालुका

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयात परिसरातील दंडार व खडी गंमत हे लोकनाट्यप्रकार आणि मंडईच्या (दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या) रात्री होणारी नाटके यांची ध्वनिमुद्रणे, व्हिडिओ, फोटो व जुनी हस्तपत्रके एका संगणकावर जमा होत आहेत. गावोगावचे लोक मोबाइल, मेमरी कार्ड, पेनड्राइव्ह असे जे हाताशी असेल ते आणून देतात, त्यामुळे "न्यू फोल्डर", "न्यू फोल्डर (२)" अशी रांगच लागली आहे. एकच फोटो चार ठिकाणी दिसतो आणि हवा तो वेळेवर सापडत नाही. संगणक विंडोज १० चा, ४ जीबी रॅमचा असून हार्ड डिस्क भरत आली आहे. या ध्वनिमुद्रणांतले काही वयोवृद्ध कलावंत आज हयात नाहीत, म्हणून चुकून काही पुसले जाऊ नये ही मोठी काळजी आहे. शोधणे, नावे बदलणे आणि दुबार प्रती काढणे यांसाठी विनामूल्य आणि भरवशाची साधने कृपया सुचवावीत.

उत्तर १ : ब्रह्मपुरी

शोधण्यासाठी "एव्हरीथिंग" हे छोटे सॉफ्टवेअर निःशंकपणे बसवा. एनटीएफएस (विंडोजची डिस्कवर फाइली साठवण्याची नेहमीची पद्धत) पद्धतीच्या डिस्कवर प्रत्येक फाइलीची नोंद एका मुख्य तक्त्यात असते. हे सॉफ्टवेअर एकेक फोल्डर उघडून पाहत बसण्याऐवजी थेट तो तक्ता वाचते, त्यामुळे नावातली दोन-तीन अक्षरे टाइप करताच यादी समोर येते आणि जुन्या संगणकावरही त्याचा भार जाणवत नाही. देवनागरी नावेही ते शोधते. पेनड्राइव्ह मात्र बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅट या साठवणीच्या वेगळ्या पद्धतींचे असतात, त्यांचे फोल्डर सेटिंगमध्ये जाऊन वेगळे जोडावे लागतात. बाहेरच्या हार्ड डिस्कची यादी फाइल म्हणून जतन करता येते, म्हणजे ती डिस्क कपाटात असली तरी तिच्यात काय आहे ते पाहता येते. तुमच्यासारख्या संग्रहाला ही सोय फार मोलाची आहे.

उत्तर २ : आर्वी

वरील सूचना योग्यच आहे, परंतु माझ्या मते कोणत्याही सॉफ्टवेअरला हात लावण्यापूर्वी संपूर्ण संग्रहाची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर झाली पाहिजे. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो आणि कॉपी अर्धवट राहिलेली फाइल वरवर पाहता पूर्ण वाटू शकते. म्हणून "टेराकॉपी" वापरून पडताळणीचा पर्याय सुरू ठेवा, म्हणजे मूळ आणि प्रत तंतोतंत जुळतात की नाही ते कळेल. नवी डिस्क एनटीएफएस पद्धतीची ठेवा, कारण फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि रात्रभर चालणाऱ्या नाटकाचा व्हिडिओ ती मर्यादा सहज ओलांडतो.

दुबार प्रतींसाठी "ड्यूपगुरू" चांगले आहे. त्यात "रेफरन्स" म्हणून नेमलेल्या फोल्डरमधल्या फाइली पुसता येत नाहीत, तेव्हा मूळ संग्रह तसा नेमा आणि सापडलेल्या प्रती आधी रिसायकल बिनमध्येच पाठवा. एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्यावी : व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो दाबून लहान केलेला असतो, त्यामुळे आशयाच्या तंतोतंत तुलनेत तो मूळ फोटोशी जुळत नाही. त्यासाठी चित्रांची तुलना करणारा वेगळा प्रकार निवडावा लागतो आणि तिथे कोणता फोटो ठेवायचा हे माणसानेच दोन्ही फोटो शेजारी ठेवून ठरवावे. सहसा ज्याचा आकार मोठा, तोच ठेवण्याजोगा.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. बाहेरची डिस्क घेण्याचे समितीने मान्य केले आहे. नावे देवनागरीत द्यावीत की इंग्रजीत, आणि शेकडो फाइलींची नावे एकदम कशी बदलावीत?

उत्तर ३ : उमरखेड

नावे देवनागरीतच द्या, विंडोजला त्याची काही अडचण नाही. मात्र सुरुवातीला तारीख असावी आणि तिचे अंक सर्वत्र इंग्रजी ठेवावेत. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, त्यानंतर गाव आणि प्रकार अशी मांडणी केली तर यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते. नावे आणि फोल्डरांचे थर फार लांबवू नका, कारण विंडोजमधील अनेक प्रोग्रॅमना संपूर्ण मार्ग (ड्राइव्हपासून फोल्डरांसह फाइलीच्या नावापर्यंतचा पत्ता) २६० अक्षरांच्या आत लागतो आणि त्यात काना-मात्राही स्वतंत्र मोजल्या जातात.

एकदम नावे बदलण्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या "पॉवरटॉइज" संचातले "पॉवररिनेम" वापरा. बदल होण्याआधी ते जुने व नवे नाव समोरासमोर दाखवते. फाइलीची तारीख नावात घालण्याची सोयही त्यात आहे, पण ती जपून वापरावी, कारण फाइल दुसरीकडे कॉपी केली की विंडोज तिची निर्मितीची तारीख कॉपीच्या दिवसाची धरते. कॅमेऱ्याच्या फोटोत काढल्याची तारीख आत नोंदलेली असते, ती अधिक विश्वासार्ह. व्हॉट्सअॅपच्या फोटोच्या नावातली तारीख मात्र प्रयोगाची असेलच असे नाही, म्हणून ज्यांनी फोटो दिला त्यांनाच विचारून घ्यावे.

तुमच्याकडे नाटकांच्या संहिताही असतील आणि त्या कृतिदेव या जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेल्या असतील, तर मजकुरात "दंडार" शोधून काहीही हाती लागणार नाही, कारण आत साठवलेली अक्षरे रोमन असतात आणि फाँट त्यांना फक्त मराठीचे रूप देतो. अशा संहितांच्या फाइलनावातच खेळाचे आणि गावाचे नाव लिहा, आणि सवडीने त्या युनिकोडमध्ये (ज्यात मराठी अक्षरे मराठी म्हणूनच साठवली जातात) बदलून मूळ फाइलीशेजारी ठेवा.