फॉल्स सीलिंगमध्ये कॅसेट एसी बसेल का?

प्रश्न: नमस्कार मंडळी. दादरच्या आमच्या दुकानात फॉल्स सीलिंगच्या वर जेमतेम १० इंच पोकळी आहे. तेथे कॅसेट एसी (छताच्या पोकळीत बसणारा, फक्त खालची जाळी दिसणारा एसी) बसवता येईल का?

उत्तर १: साधारणपणे १० ते १२ इंच लागतात, त्यामुळे मॉडेलची उंची आधी पाहावी. युनिटचा भार सीलिंगच्या चौकटीवर मुळीच देऊ नये. स्लॅबमध्ये अँकर फास्टनर (काँक्रीटमध्ये घट्ट धरणारे बोल्ट) बसवून युनिट चार थ्रेडेड रॉडवर (आटे असलेल्या सळ्यांवर) टांगावे.

उत्तर २: खरी काळजी पाण्याच्या निचऱ्याची घ्यावी. आतला पंप पाणी वर उचलतो, परंतु पुढील पाइपला दर मीटरमागे किमान १ सेंटिमीटर उतार हवा, आणि मुंबईच्या दमट हवेत त्यावर इन्सुलेशन नसेल, तर पाइपला बाहेरून पाणी सुटून सीलिंगवर डाग पडतात. सीलिंग बंद करण्यापूर्वी युनिटच्या पाणी जमा होणाऱ्या ट्रेमध्ये पाणी ओतून निचरा स्वतः पाहावा.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. पोकळी पुन्हा मोजून घेतो.