वेस्टमिन्स्टर कॅथेड्रल कॉयर: माल्कम आणि हिल यांच्या रेकॉर्डिंगमध्ये इतका फरक का?

मंद्रसप्तक:
लंडनच्या वेस्टमिन्स्टर कॅथेड्रल कॉयरची (म्हणजे तिथल्या गायकवृंदाची) दोन रेकॉर्डिंग्ज लागोपाठ ऐकली. दोन्हींत स्पॅनिश संगीतकार व्हिक्टोरियाच्या 'टेनेब्री रिस्पॉन्सरीज', म्हणजे ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहातली उपासनागीतं. एक जॉर्ज माल्कमच्या दिग्दर्शनाखालचं, आर्गो कंपनीने काढलेलं. दुसरं डेव्हिड हिलच्या दिग्दर्शनाखालचं, हायपेरियन कंपनीचं. कॉयर तोच, कृती तीच, पण माल्कमची मुलं गळा मोकळा सोडून जवळजवळ हाक मारतात आणि हिलची मुलं घोटून गातात. हा फरक मायक्रोफोनचा की तालमीचा? शिवाय माल्कमची एलपीवरून कुणीतरी चढवलेली जी प्रत मिळाली, तिचा सूर वेगळा आहे. वेग चुकलाय का? या कॉयरचं आणखी काय ऐकावं तेही सांगा. शोधायला गेलं की वेस्टमिन्स्टर ॲबीच पुढ्यात येते.

तिरकसकान:
फरक मुख्यतः तालमीचा. अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, कॅथेड्रलांमध्ये मुलांचा आवाज डोक्यात घुमवून, गोल, बिनकाठाचा काढायची जुनी रीत होती. इंग्रज स्वतःच त्याला चेष्टेने 'कॅथेड्रल हूट' म्हणतात, म्हणजे घुबडाचा घुमार. वेस्टमिन्स्टर कॅथेड्रल कॅथलिक असल्यामुळे ती रीत पाळायची सक्ती नव्हती. माल्कम तिथे १९४७ ते १९५९ होता. खेळताना मुलं ज्या आवाजात एकमेकांना हाका मारतात, तोच आवाज त्याने गाण्यात आणला: छातीचा जोर वरपर्यंत नेलेला, स्वर उघडे, व्यंजनं ठसठशीत.

याची किंमतही मोजावी लागते. छातीचा जोर वर नेताना आवाज पालटायच्या जागी तडा जाण्याची भीती असते आणि लांब धरलेला सूर खाली घसरतो. डोक्यातल्या आवाजात हे धोके कमी, पण मोठ्या घुमाऱ्यात शब्द विरघळतात. हिल (१९८२ ते १९८८) मला माल्कमचाच वारसदार वाटतो, फक्त कडा घासून घेतलेला.

यातली 'ओ व्होस ओम्नेस' ही रिस्पॉन्सरी दोन्हींत ऐका. रिस्पॉन्सरीत मुख्य भाग होतो, मग एक कडवं येतं आणि त्यानंतर मुख्य भागाचा उत्तरार्ध परत येतो. इथे परत येतात ते 'सी एस्त दोलोर' हे शब्द, 'माझ्या दुःखासारखं दुःख कुठे असेल तर पाहा' अशा अर्थाचे. त्यांच्या पहिल्या 'सी'वर कान ठेवा. माल्कमची मुलं 'स' कसा फेकतात ते ऐकलंत की मायक्रोफोनचा प्रश्न बराचसा मिटेल.

संगीतकार बेंजामिन ब्रिटनला हा आवाज इतका भावला की माल्कम निवृत्त होताना त्याने 'मिसा ब्रेव्हिस' लिहिली, म्हणजे छोटा मास, कॅथलिक उपासनेतल्या ठरलेल्या प्रार्थनांचं संगीत. मुलांचे तीन आवाज आणि ऑर्गन, एवढंच. त्यातली 'ग्लोरिया' ही प्रार्थना साताच्या मात्रेत पळते. कॉयरने ती २२ जुलै १९५९ ला प्रथम गायली.

सुईवाला:
सुराचं मी सांगतो. वेग ६ टक्क्यांनी वाढला की सूर साधारण अर्धस्वर चढतो आणि २०० सेकंदांचा ट्रॅक १८९ सेकंदांतच संपतो. म्हणून आधी तुमच्या प्रतीतल्या ट्रॅकची लांबी त्याच रेकॉर्डिंगच्या सीडीवर छापलेल्या लांबीशी ताडून पाहा. हिलच्या लांबीशी ताडू नका, त्याची लय मुळातच निराळी. एक-दोन सेकंदांचाच फरक असेल तर वेग ठीक आहे.

मग सूर वेगळा का? ही कृती १५८५ साली रोममध्ये छापली गेली. तेव्हा कागदावरच्या सुराला ठरलेली कंपनसंख्या नव्हती. आपल्या मुलांना आणि पुरुषांना झेपेल ती पट्टी प्रत्येक दिग्दर्शक निवडतो, त्यामुळे दोन रेकॉर्डिंग्जमध्ये एखाद्या स्वराचा फरक अगदी सर्रास पडतो. मात्र सूर पियानोच्या दोन पट्ट्यांच्या अधेमधे पडत असेल तर वेगावर संशय घ्या. तपासणी ट्रॅकच्या सुरुवातीला करा. साथीशिवाय गाणारा कॉयर शेवटपर्यंत थोडा सरकतोच.

प्रत मोनो एलपीवरून घेतली असेल तर दोन्ही चॅनल एकत्र करून ऐका. सुईच्या वरखाली हालचालीतून येणारी बरीच खरखर त्याने कटते.

पाचवास्वर:
आता नावांचा गुंता. ॲबी म्हणजे अँग्लिकन, राज्याभिषेकांची. (हेन्री आठव्याने १५४० मध्ये तिला काही वर्षं कॅथेड्रलही केलं होतं, म्हणजे गोंधळ जुनाच.) कॅथेड्रल म्हणजे बेंटलीने बांधलेली विटांची कॅथलिक इमारत, १९०३ साली खुली झालेली. खरी फसगत जेम्स ओ'डॉनेलच्या नावाने होते. तो १९८८ ते १९९९ कॅथेड्रलला दिग्दर्शक होता आणि २००० ते २०२२ ॲबीला, आणि दोन्ही कॉयरची त्याची रेकॉर्डिंग्ज हायपेरियननेच काढली. म्हणून दिग्दर्शकाच्या नावावर जाऊ नका, ध्वनिमुद्रणाचं वर्ष बघा.

ऐकायचं असेल तर फ्रँक मार्टिनचा दुहेरी कॉयरचा मास आणि पिझेट्टीचं रिक्विएम (मृतांसाठीचा मास) एकाच सीडीवर आहेत, ओ'डॉनेलचीच. १९९८ मध्ये 'ग्रामोफोन' मासिकाने तिला वर्षातलं सर्वोत्तम रेकॉर्डिंग ठरवलं. मार्टिनने हा मास १९२२ मध्ये लिहिला, 'आन्युस देई' हा शेवटचा भाग १९२६ मध्ये जोडला आणि सगळं १९६३ पर्यंत फडताळात ठेवलं. मग हिलचं व्हिक्टोरियाचं सहा आवाजांचं रिक्विएम. पूर्वी हायपेरियन स्ट्रीमिंगवर मिळत नसे. २०२३ पासून यायला लागलं.

इतिहासात या कॉयरचा जुना दिग्दर्शक रिचर्ड टेरी याला विसरू नका. १९०१ ते १९२४ या काळात त्याने बर्ड, टॅलिस या सोळाव्या शतकातल्या इंग्रज संगीतकारांचं धूळ खात पडलेलं संगीत रोजच्या उपासनेत आणलं. इंग्रज संगीतकार व्हॉन विल्यम्सचा जी मायनर मासही त्याने १९२३ मध्ये तिथेच उपासनेत गाऊन घेतला.

मंद्रसप्तक:
लांबी ताडली. सीडीपेक्षा प्रत्येक ट्रॅक ४ टक्के लहान. म्हणजे वेगच. पण मार्टिनच्या मासमध्ये आवाज लांबून येतो, तो का?

तिरकसकान:
कॉयर तिथे मुख्य वेदीच्या मागच्या अर्धगोल भागात, उंचावर उभा राहतो. खालच्या लोकांना दिसतही नाही. मागची वक्र भिंत आवाज पुढे ढकलते आणि वर उघड्या विटांच्या कमानी तो धरून ठेवतात. मोठा ऑर्गन तर दुसऱ्या टोकाला, सुमारे १०० मीटर लांब. म्हणजे त्याचा सूर कॉयरपर्यंत पोचायला सेकंदाचा जवळपास तिसरा हिस्सा लागतो. कानाने ऐकून साथ धरली तर कॉयर मागे पडलाच, दिग्दर्शकाचा हात बघूनच गावं लागतं. मार्टिनच्या मासला ऑर्गन नाही, तेवढी कटकट वाचली. स्पीकरवर ऐका. हेडफोनवर तो घुमारा डोक्यातच अडकून बसतो.