मदत हवी आहे: रिटर्न गिफ्टसाठी तीस गोल्डफिश मागणाऱ्या गिऱ्हाइकाला काय सांगू?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकमध्ये एका अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात काउंटरवर काम करते. तिसरं वर्ष चालू आहे. बी.एस्सी. प्राणिशास्त्र घेऊन केलंय आणि माशांची आवड लहानपणापासूनची, म्हणून ही नोकरी मन लावून करते. येत्या रविवारच्या आत उत्तर हवंय, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

काल एक ताई आल्या. मुलाचा सहावा वाढदिवस आहे. "तीस काचेचे बाउल, तीस गोल्डफिश. प्रत्येक पिशवीला रिबन बांधा, सोबत खाद्याची छोटी पुडी. रविवारी चारला न्यायला येते." मी म्हटलं, ताई, हे बाउल तीन लिटरचे आहेत, यात गोल्डफिश टिकत नाही. त्या हसल्या. "अगं, एवढासा तर आहे! आणि मासा टाकीएवढाच वाढतो ना?"

हे वाक्य मी रोज ऐकते. दुकानातलं पिल्लू दोन इंचांचं असतं, पण गोल्डफिश नीट वाढला तर सात-आठ इंचांचा होतो, साधा लांबट जातीचा तर फूटभरही. दहा-पंधरा वर्षं जगतो. बाउलमध्ये तो वाढत नाही कारण पाणी खराब होऊन त्याची वाढ खुंटते. हे सगळं मी ताईंना सांगायला गेले, तोवर त्यांना फोन आला आणि "ठरलं मग!" म्हणून त्या निघून गेल्या. आगाऊ रक्कम शेठकडे देऊन.

शेठचं म्हणणं सरळ आहे. "गिऱ्हाईक मागेल ते द्यायचं. आपण नाही दिले तर पुढच्या चौकातला देईल." त्यांचंही भाडं, वीजबिल आहे, ते मला कळतं. पण तीस मासे माझ्या हाताने पिशवीत भरायचे आणि आठवड्याभरात ते मरणार हे माहीत असायचं, हे मला जमत नाहीये.

एक सांगते, आमची गिऱ्हाइकं वाईट नाहीत. उलट फार जीव लावतात, आणि अडचण तिथेच होते. एक गृहस्थ दर तीन-चार दिवसांनी स्टीलच्या डब्यात मेलेला मासा घेऊन येतात. "परवाचाच आहे, वॉरंटीत बदलून द्या." विचारलं, पाणी कुठलं घालता? "आम्ही पितो तेच, आरओचं!" रोज सगळं पाणी काढतात, खडे गरम पाण्याने धुतात, फिल्टरचा स्पंज नळाखाली चोळून काढतात. वर म्हणतात, "एवढी स्वच्छता आमच्या स्वयंपाकघरातसुद्धा नाही." मासे मरतात ते याच स्वच्छतेने, हे त्यांच्या तोंडावर कसं सांगायचं? मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. स्पंजवर, खड्यांवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करतात. नव्या टाकीत ते पुरेसे व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. हे गृहस्थ रोज त्यांना धुऊन टाकतात. मी 'जिवाणू' म्हणाले की ते दचकतात आणि आणखी जोरात घासतात.

दुसरे एक काका. वास्तुसाठी आठ सोनेरी आणि एक काळा, असे नऊ गोल्डफिश दीड फुटाच्या टाकीत. दर महिन्याला काळा मरतो आणि काका आनंदाने येतात! "घरावरचं संकट त्याने घेतलं बघ. दुसरा दे." मागच्या महिन्यात तर पेढे आणले होते, मुलाची नोकरी पक्की झाली म्हणून. पेढा हातात, आणि समोर नवा काळा मासा पिशवीत भरायचा. मी काहीच बोलू शकले नाही.

सगळे अनुभव त्रासाचे नसतात. एक आजोबा पहिल्यांदा आले तेव्हा कोई माशांच्या हौदापाशी थांबून म्हणाले, "रोहूच आहे की! साफ करून देता का?" दुकानातले सगळे हसले, पण आजोबांची नजर पक्की होती, कोई आणि रोहू दोघंही एकाच कुळातले. मी त्यांना तसं सांगितलं तर इतके खूश झाले की आता दर गुरुवारी येतात, स्टुलावर बसून तासभर कोई बघतात, आणि नव्या गिऱ्हाइकांना "हा रोहूचा चुलतभाऊ बरं का" म्हणून ओळख करून देतात.

आणखी दोन नेहमीच्या मागण्या. "घाण खाणारा मासा द्या, म्हणजे टाकी धुवायला नको." सकर शेवाळ खरवडतो, पण स्वतः भरपूर घाण करतो आणि वाढून फूट-दीड फुटाचा होतो. मग विचारतात, "आता गोदावरीत सोडू का?" आणि कासव. तारांकित कासव वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, आम्ही ठेवत नाही, असं सांगितलं की आवाज बारीक करून, "मागे असेल ना एखादं, दाखवा तरी."

तर मदत दोन बाबतींत हवी. एक, रविवारच्या ताईंना काय सांगू, म्हणजे त्या चिडणार नाहीत आणि ऐकतीलही? दोन, प्रत्येक माशासोबत द्यायला मराठीत छोटं पत्रक करायचंय. मला शास्त्र येतं, पण काउंटरवर दोन मिनिटांत पटेल असं बोलता येत नाही. शब्द सुचवा.

प्रतिसाद, ठाण्याहून एक आई

मी चार वर्षांपूर्वी त्या ताईंच्या जागी होते. फक्त माझ्या बाबतीत बारा मासे होते. वाढदिवस शनिवारी झाला. मंगळवारपासून सोसायटीच्या ग्रुपवर फोटो यायला लागले, पाण्यावर आडवा पडलेला मासा आणि शेजारी रडणारं मूल. एका आईने मला फोन करून विचारलं, "आता मुलीला काय सांगू?" त्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच जास्त लागलं.

तेव्हा लिटर आणि इंच सांगू नकोस. एवढंच सांग: "ताई, बुधवारपर्यंत तीस घरांत तीस मुलं रडतील आणि फोन तुम्हाला येतील." मला कुणी हे आधी सांगितलं असतं तर मी तिथेच विचार बदलला असता. आणि रिकाम्या हाताने पाठवू नकोस. त्याच बाउलमध्ये पाण्यात मनीप्लांटची फांदी लावून दे. शेठचे तीस बाउल विकले जातील.

प्रतिसाद, कोल्हापुरातून, दुकान चालवणारा

बावीस वर्षं याच धंद्यात आहे. बाई, 'नाही' हा शब्द काउंटरवर चालत नाही. प्रश्न विचार. डॉक्टर जसं "कधीपासून दुखतंय?" विचारतो तसं: टाकी किती फुटांची? पाणी कधी भरलं? आत आत्ता कोण कोण आहे? तिसऱ्या प्रश्नापर्यंत गिऱ्हाईक स्वतःच म्हणतं, "मग आत्ता नको का घेऊ?"

दुसरं, दुकानात दर्शनी टाकीत एक पूर्ण वाढलेला गोल्डफिश ठेव. माझ्याकडे आठ इंची आहे, विकायचा नाही. कुणी दोन इंची पिल्लू मागितलं की मी फक्त बोट दाखवतो. अर्धी भाषणं वाचली.

नवीन टाकी घेणाऱ्याला मी त्या दिवशी मासे देत नाही. टाकी, फिल्टर, खडे, वनस्पती देतो. जुन्या टाकीतला थोडा वापरलेला स्पंज फुकट देतो आणि बिलावर तारीख लिहितो, "मासे अमुक तारखेनंतर." काही जण रागावून जातात. परत येणारे जास्त.

शेठशी मात्र माशांच्या जिवावर बोलू नकोस, हिशेबावर बोल. महिन्यात किती मासे 'वॉरंटीत' बदलून दिले, किती वेळ भांडणात गेला, ते वहीत लिहून दाखव.

प्रतिसाद

स्पष्ट विचारतो, राग मानू नका. एवढा कळवळा आहे तर मासे विकताच कशाला? रोमच्या महापालिकेने २००५ साली गोल बाउलमध्ये गोल्डफिश ठेवण्यावर बंदी घातली. आपल्याकडे दुकानदारच बाउल आणि मासा जोडीने मांडतात, आणि दोष गिऱ्हाइकाला.

धागाकर्तीचं उत्तर

राग नाही. प्रश्न बरोबर आहे आणि बाउल-मासा जोडीने मांडण्याचं आमच्या दुकानाबाबतही खरं आहे. ती मांडणी मीच करते. मी नोकरी सोडली तर माझ्या जागी येणारा मुलगा तीसच्या तीस मासे भरून देईल. मी आहे तोवर निदान विचारते तरी. आणि नीट राखलेली टाकी मी पाहिलेली आहे. आमच्याकडची एक निवृत्त परिचारिका आहे, तिचे दोन गोल्डफिश नऊ वर्षांचे आहेत. तशी घरं आणखी व्हावीत म्हणूनच इथे लिहिलं.

प्रतिसाद, सांगलीहून

मासे मी पाळले नाहीत, पण दही आयुष्यभर लावलंय. तुमचं ते जिवाणूंचं वाचलं आणि वाटलं, हे तर विरजण! सगळं दही संपवून भांडं घासून ठेवलं तर उद्या दूध कशाने लागणार? त्या डबेवाल्या गृहस्थांना सांगा, "काका, फिल्टरच्या स्पंजात टाकीचं विरजण असतं. तुम्ही रोज विरजण धुऊन टाकता." जिवाणू म्हटलं की माणूस घाबरतो, विरजण म्हटलं की जपतो.

प्रतिसाद, पुण्याहून

सकर नदीत सोडणाऱ्यांबद्दल लिहिलंत, ते पत्रकात नक्की घ्या. मे २०२३ मध्ये श्रीनगरच्या दाल सरोवरात गाळ-वनस्पती काढताना अ‍ॅलिगेटर गार सापडला होता. हा उत्तर अमेरिकेतला मासा, तिथे आपोआप पोहोचणं शक्यच नाही. सकर तर मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आणि तो आता आपल्याकडच्या कितीतरी नद्या-तलावांत पिल्लं घालतोय. मच्छीमारांची जाळी फाडतो आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. लोक दया म्हणून सोडतात, हे लक्षात घेऊन मवाळ शब्दांत लिहा: "मोठा झाला तर आमच्याकडे परत आणा." पण मग शेठने तो खरंच परत घ्यायला हवा.

धागाकर्ती, सोमवारी

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

शुक्रवारी ताईंना फोन केला. ठाण्याच्या ताईंचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाल्या, "मुलाला मी मासे देणार म्हणून सांगून बसलेय गं." मनीप्लांटचं सुचवलं, फोटोही पाठवला. त्यांना आवडलं नाही. संध्याकाळी येऊन आगाऊ रक्कम परत घेऊन गेल्या. रंगपेट्या देणार असं म्हणाल्या. जाताना माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि शेठ दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मासे मात्र टाकीतच आहेत, तीसही.

विरजणाचं मात्र लगेच लागू पडलं! डबेवाले गृहस्थ शनिवारी आले तेव्हा मी तेवढंच सांगितलं. ते काउंटरला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "म्हणजे मी रोज भांडं घासत होतो." त्यांना मासा दिला नाही. आमच्या जुन्या टाकीतला स्पंजाचा तुकडा, पिशवीत त्याच टाकीचं पाणी घालून दिला. आता रोज फोन करून विचारतात, "लागलं का विरजण?"

कोल्हापूरच्या दादांच्या सल्ल्याप्रमाणे वही शेठपुढे ठेवली. एका महिन्यात एक्केचाळीस मासे बदलून दिलेत. त्यांनी आकडा दोनदा वाचला. पत्रकाची छपाई ते देणार आहेत. बाउल आणि मासे शेजारी मांडायचे नाहीत, यालाही हो म्हणाले. सकर परत घेण्याचं अजून कबूल केलेलं नाही, तिथे मी हटून बसलेय.

पत्रकाचा मसुदा असा केलाय:

"नवी टाकी म्हणजे नुकतं लावलेलं दही. चार ते सहा आठवडे दम धरा, सुरुवातीला एक-दोनच मासे ठेवा. नळाचं पाणी थेट ओतू नका, आधी क्लोरीन घालवणारे थेंब टाका. आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, सगळं कधीच नाही. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळा, नळाखाली धुऊ नका, साबण लावू नका. दोन मिनिटांत संपेल एवढंच खायला घाला. गोल्डफिशला जठर नसतं, तो कायम भुकेलेलाच दिसतो, त्याच्या तोंडाकडे पाहून फसू नका. दोन गोल्डफिशना तीन फुटी टाकी हवी. वीज गेली तर हवेचा बॅटरीवरचा पंप लावा. मासा मोठा झाला, नकोसा झाला, तरी नदीत किंवा तळ्यात सोडू नका, आम्हाला फोन करा."

यात काही चुकत असेल किंवा बोजड वाटत असेल तर गुरुवारपर्यंत सांगा, शुक्रवारी छापायला द्यायचंय.

आणि काळ्या माशाच्या काकांसाठी अजून कुणीच काही सुचवलेलं नाही. ते पाच तारखेच्या आसपास येतात. त्यांची श्रद्धा दुखवायची नाहीये, पण नऊ मासे दीड फुटात राहूही द्यायचे नाहीत. त्यांच्याशी कुठून सुरुवात करू?