मदत हवी आहे: गाडीच्या समोरच्या काचेवरचे क्षाराचे डाग सिरियम ऑक्साइडने (काच पॉलिश करायच्या पावडरने) काढावेत का?

काच मूळची, लॅमिनेटेड (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली). आरशामागे पावसाचा सेन्सर आहे. गाडी बोअरच्या पाण्याने धुतली जाते आणि उन्हातच वाळते. आता चालकासमोर गोल पांढुरके डाग पडलेत. रात्री समोरून दिवे आले की काच दुधाळ होते.

आतली बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घेऊन पुसली, फरक नाही; म्हणजे दोष बाहेरचाच. वायपरचे रबर नवे आहेत. बाहेरून आधी शाम्पू, मग भरपूर साबणपाण्यावर क्ले बार (चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी) फिरवला. नंतर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात, टिश्यू भिजवून दहा मिनिटं डागांवर ठेवला, सावलीत. कॅल्शियमचा थर विरघळला, बरेच डाग गेले. उरलेले काच ओली असताना दिसत नाहीत, वाळली की पुन्हा हजर. नखाला खरखर लागत नाही. त्यामुळे पाण्यातली सिलिका बसलीय किंवा काचच थोडी खाल्ली गेलीय असं वाटतं.

हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या बाटल्या सुचवू नका, त्या काच आणि बोटं दोन्ही खातात. स्टील वूलही नको. काच बदलणं अगदी शेवटचा उपाय.

फेल्ट (दाबलेल्या लोकरीच्या) पॅडवर सिरियम ऑक्साइडची पेस्ट हाताने घासून हे निघेल का, की मशीनच लागेल? मशीन असेल तर वेग किती ठेवायचा, आणि काच तापून तडकू नये, नजरेसमोर लहरी उमटू नयेत म्हणून एका जागी किती वेळ थांबायचं?