झॅप्रूडर फिल्म आणि डॅलसचे प्रत्यक्षदर्शी : कोणाचे मानायचे?

पारखी :

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये झालेल्या अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येचे सर्वांत महत्त्वाचे चित्रण अब्राहम झॅप्रूडर या कपड्यांच्या कारखानदाराने केले. डीली प्लाझातल्या काँक्रीटच्या एका चौथऱ्यावर ते उभे होते आणि तोल जाऊ नये म्हणून त्यांच्या कार्यालयातल्या सहकारी बाईंनी त्यांना मागून धरून ठेवले होते. ८ मिलिमीटरच्या घरगुती कॅमेऱ्याने टिपलेले हे चित्रण जेमतेम २६ सेकंदांचे, ४८६ फ्रेमचे आणि मूक आहे. एफबीआयने पुढे तोच कॅमेरा तपासून त्याचा सरासरी वेग सेकंदाला १८.३ फ्रेम असा ठरवला, त्यामुळे कोणत्याही दोन घटनांमधले अंतर फ्रेम मोजून काढता येते.

माझे मत असे की, वेळ आणि हालचाल यांबाबत फिल्म आणि साक्षीदार यांच्यात विसंगती दिसली, तर फिल्मचे मानावे. मोटारीचेच पाहा. गोळीबार चालू असताना अध्यक्षांची मोटार थांबली, किंवा जवळजवळ थांबली, असे अनेकांनी सांगितले आणि त्यांत ताफ्यातले पोलीसही होते. फिल्ममध्ये ती थांबत नाही. डोक्याला गोळी लागण्याच्या जरासे आधी तिचा वेग ताशी सुमारे १२ मैलांवरून ८ मैलांवर येतो, इतकेच. चालक विल्यम ग्रीअर या सुमारास मान वळवून मागे पाहताना स्पष्ट दिसतात आणि मोटार खरी सुसाट निघते ती फ्रेम ३१३ नंतर, म्हणजे डोक्याला गोळी लागून सारे संपल्यावर. एवढ्या प्रसंगात मंदावलेली मोटार माणसाच्या आठवणीत थांबलेली म्हणून राहिली, यात कोणी खोटे बोलले असे मानायचे कारण नाही.

उलटतपासणी :

फिल्मचे मानावे हे ठीक, पण ती कोणाच्या हातून आपल्यापर्यंत आली तेही पाहावे. लाइफ साप्ताहिकाने तिचे हक्क दोन-तीन दिवसांतच विकत घेतले आणि हाताळताना त्यांच्याकडेच मूळ प्रत तुटली, म्हणून काही फ्रेम आज केवळ आधी काढलेल्या प्रतींमध्ये पाहायला मिळतात. हत्येची सरकारी चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगाच्या खंडांत फ्रेम ३१४ आणि ३१५ यांचा क्रम उलटा छापला गेला, त्यामुळे डोके पुढे गेल्याचा भास होत होता. तो छपाईतला दोष होता, असे एफबीआयचे प्रमुख हूवर यांनी पुढे मान्य केले. अमेरिकन जनतेला हलती फिल्म राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर पाहायला मिळाली ती मार्च १९७५ मध्ये. बारा वर्षे ज्यांनी ती पाहिलीच नाही, त्या लोकांना साक्षीदारांपेक्षा फिल्म विश्वासार्ह आहे असे सांगितले जात होते, हे मला तरी खटकते.

आणि फिल्मचेच मानायचे, तर ३१३ नंतर अध्यक्षांचे डोके मागे आणि डावीकडे फेकले जाते, त्याचे काय? आयोगाने मारेकरी ठरवलेला ली ऑस्वल्ड मोटारीच्या मागच्या पुस्तक डिपॉझिटरीच्या, म्हणजे शालेय पुस्तकांच्या गोदामाच्या, सहाव्या मजल्यावर होता. समोरच्या गवताळ टेकाडाजवळ धूर पाहिल्याचे पुलावरून पाहणारे रेल्वेचे कर्मचारी एस. एम. हॉलंड यांनी सांगितले. पार्कलँड रुग्णालयातल्या अनेक डॉक्टरांनी डोक्याच्या मागच्या बाजूला मोठी जखम पाहिल्याचे नोंदवले. तिन्ही गोष्टी एकाच दिशेकडे, समोरून आलेल्या गोळीकडे, बोट दाखवतात.

पारखी :

तिसरी गोष्ट फिल्मशी जुळत नाही, हे आपण सोडून दिलेत. फिल्ममध्ये फुटलेला भाग उजवीकडे, कानाच्या पुढच्या अंगाला दिसतो. त्यामुळे डॉक्टरांचे मानायचे तर फिल्म बनावट ठरवावी लागते आणि मग त्याच बनावट फिल्ममधला मागे जाणारा झटका पुरावा म्हणून वापरता येत नाही. दोन्ही हातांत लाडू मिळणार नाहीत. शिवाय कोडॅकचे निवृत्त तज्ज्ञ रोलंड झवाडा यांनी १९९८ मध्ये तपासणी करून मूळ प्रत कॅमेऱ्यातून निघालेलीच असल्याचा निष्कर्ष दिला होता.

झटक्याबाबत फ्रेम ३१२ आणि ३१३ शेजारी ठेवून पाहाव्यात. मागे जाण्याआधी डोके सुमारे दोन इंच पुढे सरकते, म्हणजे एका सेकंदाच्या अठराव्या भागात मागून धक्का आल्यासारखे दिसते. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ लुइस आल्व्हारेझ यांनी टेप गुंडाळलेल्या खरबुजांवर गोळ्या झाडून दाखवले होते, की आतला ऐवज पुढे उसळला तर फळ बंदुकीच्या दिशेने मागे येऊ शकते.

उलटतपासणी :

त्या खरबुजांचा दाखला मीही वाचला आहे. आल्व्हारेझ यांनी शिकारीच्या मऊ टोकाच्या गोळ्या वापरल्या होत्या, तर डॅलसमधल्या मानलिखर-कार्कानो रायफलीतल्या गोळ्या पूर्ण धातूच्या आवरणाच्या होत्या. आणि खरबुजाला मान नसते. राहिले ते दोन इंच. ३१३ ही फ्रेम कॅमेरा हलल्यामुळे पुसट आहे आणि पुसट कडेवरून इंच मोजणे कितपत योग्य, असा प्रश्न खुद्द ते मोजमाप करणाऱ्या अभ्यासकालाही पुढे पडला.

कानोसा :

दोघेही डोळ्यांबद्दलच बोलत आहात, पण डीली प्लाझातले बहुतेक लोक प्रत्यक्षदर्शी नव्हते, ते ऐकणारे होते. उंच इमारती, पूल आणि टेकाड यांच्यामध्ये आवाज घुमत होता. १९७० च्या दशकात हत्येची पुन्हा चौकशी करणाऱ्या अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या समितीने १७८ जबान्या चाळल्या, तेव्हा ४९ जणांनी डिपॉझिटरीकडे, २१ जणांनी टेकाडाकडे बोट दाखवले आणि ७८ जणांना दिशा सांगताच आली नाही. खुद्द झॅप्रूडर यांना गोळ्या आपल्या मागून आल्यासारखे वाटले होते आणि आवाज घुमत असल्याने नक्की सांगता येत नाही, असेही ते म्हणाले.

त्याच समितीने १९७९ मध्ये पोलिसांच्या बिनतारी संभाषणाच्या ध्वनिमुद्रणावरून टेकाडावर दुसरा बंदूकधारी असण्याची शक्यता ९५ टक्के ठरवली आणि १९८२ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या मंडळाने दाखवले, की ते आवाज हत्येनंतर सुमारे एका मिनिटाने मुद्रित झाले होते. यंत्रही ऐकण्यात फसते.

उलट डिपॉझिटरीच्या पाचव्या मजल्यावरचे हॅरल्ड नॉर्मन यांनी वरच्या मजल्यावर रायफलीचा बोल्ट मागे ओढल्याचा आणि रिकाम्या पुंगळ्या फळ्यांवर पडल्याचा आवाज ऐकला. वर तीन पुंगळ्या सापडल्या. हा साक्षीदार मला शंभर जणांच्या अंदाजांपेक्षा मोलाचा वाटतो, कारण तो थेट डोक्यावरच्या छताबद्दल सांगत होता.

उलटतपासणी :

नॉर्मन यांच्यामुळे मागे एक बंदूकधारी होता हे सिद्ध होते. तो एकटाच होता हे होत नाही. ते ठरते त्याच मोटारीत अध्यक्षांच्या पुढे बसलेले टेक्ससचे गव्हर्नर जॉन कॉनली यांच्या जखमेवर. आयोगाच्या प्रयोगांत त्या रायफलीला दोन गोळ्यांमध्ये किमान २.३ सेकंद, म्हणजे ४२ फ्रेम लागल्या. केनेडी आणि कॉनली यांना लागलेली गोळी एकच नसेल आणि जखमांमधले अंतर त्याहून कमी असेल, तर दुसरी रायफल मानावीच लागते. कॉनली यांनी शेवटपर्यंत सांगितले, की पहिला आवाज ऐकून आपण वळलो आणि मग आपल्याला गोळी लागली. त्यांच्या पत्नी नेली यांनी तर अध्यक्षांचे हात गळ्याकडे गेलेले आधी पाहिले. गोळी ज्याला लागली, त्याचेही मानायचे नाही का?

पारखी :

कॉनली यांचे म्हणणे पूर्ण मानता येते. ऐकलेली पहिली गोळी नेम चुकून गेली, एवढेच त्यासाठी धरावे लागते. रस्त्यावरच्या पाटीमागून मोटार बाहेर येते, त्याच सुमारास, फ्रेम २२४ मध्ये, कॉनली यांच्या कोटाची उजवी बाजू अचानक उडते आणि पुढच्याच फ्रेममध्ये केनेडींचा हात वर जाताना दिसतो. नेली यांनी सांगितलेला क्रम मात्र यात बसत नाही, ते खरे.

उलटतपासणी :

कोट वाऱ्यानेही उडतो आणि त्या दिवशी डॅलसमध्ये चांगला वारा होता. कॉनली यांचा खांदा खाली ढासळतो तो फ्रेम २३८ च्या आसपास. आपल्या आणि माझ्या फ्रेममध्ये पाऊण सेकंद आहे आणि ज्याच्या शरीरातून गोळी गेली, त्याला विचारावे तर कॉनली दोघांच्याही विरोधात जातात : केनेडी आणि आपण एकाच गोळीने जखमी झालो हा सिद्धांत त्यांनी कधी मान्य केला नाही आणि ऑस्वल्ड एकटाच होता हा आयोगाचा निष्कर्ष मात्र त्यांनी स्वीकारला होता.