ड्रमचा सामना गाऊन जिंकला, ही चीटिंग नाही का?

सारंग: काल १९५७ चा एक जपानी पिक्चर पाहिला, 'अराशी ओ योबु ओतोको', म्हणजे वादळाला बोलावणारा माणूस. टोकियोत गिन्झाच्या क्लबांमधले दोन जॅझ ड्रमर, शोइची आणि चार्ली, दोघांची खुन्नस. स्टेजवर समोरासमोर सामना ठरतो आणि त्याआधीच मारामारीत शोइचीचा हात दुखावतो. वाजवता वाजवता हात चालेना तर गडी सरळ माइक ओढून गायलाच लागतो, पब्लिक येडं होतं आणि म्हणे हा जिंकला! अरे पण सामना कशाचा होता? चार्ली बिचारा इमानदारीत ड्रम बडवतोय ना तिकडे.

मंजिरी: बिचारा कसला, हात कोणाच्या गुंडांमुळे दुखावला ते पण सांग की. आणि जॅझ म्हणजे आयत्या वेळी सुचेल ते, हातच गेला तर गळा वापरला, त्यात काय चुकलं?

तिरकिट: १५ वर्षं तबला वाजवतोय म्हणून बोलतो. जुगलबंदीत माझी बोटं अडकली आणि मी अभंग सुरू केला तर टाळ्या पडतीलच हो, लोकांना काय, पण समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कोण आलं? आयत्या वेळी सुचलेलंसुद्धा लयीतच बसावं लागतं. हे म्हणजे कुस्ती हरायला लागलो की लेझीम खेळायची.

मंजिरी: 😂 लेझीम! पण दादा, तो गाणं ड्रमच्याच तालावर म्हणतो, उरलेल्या हाताने ठोका चालू ठेवून, परत बघा तो सीन.

अवधूत: तुम्ही सगळे मेन गंमत विसरताय. हिरो युजिरो इशिहारा, त्याला ड्रम कुठे येत होते, पडद्यामागे वाजवलंय खऱ्या जॅझ ड्रमरने, हिदेओ शिराकीने. म्हणजे त्या सीनमध्ये इशिहाराचं स्वतःचं काय असेल तर ते गाणंच! आणि चार्ली झालेला तोशिओ ओइदा हा प्रत्यक्षात जॅझ गायक, तो काड्या हातात धरून बघत बसलाय आणि समोर स्टार गातोय. डायरेक्टर उमेत्सुगु इनोउएला हे इतकं आवडलं की १९६७ ला हाँगकाँगला जाऊन तिथल्या शॉ ब्रदर्स या फिल्म कंपनीसाठी हाच पिक्चर परत काढला. बाकी स्टोरी आपलीच, रागावलेली आई, लाडका धाकटा भाऊ, हिरोचं कौतुक नाही.

सारंग: थांब, म्हणजे खऱ्या गायकाला गप्प बसवून ड्रम न येणाऱ्याने गाऊन ड्रमचा सामना मारला? हे तर डबल चीटिंग झालं!

मंजिरी: आता तर मला अजूनच आवडला.

तिरकिट: बघितला परत, मंजिरीताई. ठोका आहे, मान्य. सम नाही.