खुन्याचं बालपण वाचकाला सांगावं का?

निशाचर: मानसशास्त्रीय थरारकादंबरीत खुन्याच्या बालपणाचं वेगळं प्रकरण नसावंच, असं माझं मत. ८०,००० शब्दांचा पसारा धरा. पाऊण वाट सरली की तपास थांबतो आणि दारुडा बाप, अंधारी खोली, पट्ट्याचा मार अशी १५ पानं येतात. ताण तिथेच सैल पडतो. वर कार्यकारणही लंगडं. छळ सोसलेली बहुतेक मुलं पुढे कुणाचा जीव घेत नाहीत. मग यानेच का घेतला?

उलटतपासणी: प्रश्न रास्त, उपाय चुकीचा. भूतकाळ छाटला की उरतो जन्मजात राक्षस. मानसिक विकारांच्या निदानाची पुस्तिका डीएसएम-५, तिच्यानुसार समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान करायला वय किमान १८ लागतं, आणि १५ व्या वर्षाआधी वर्तनविकाराची लक्षणं दिसलेली असावी लागतात. म्हणजे बालपण निदानातच आलं. 'सायकोपॅथ' हे निदान तर त्या पुस्तिकेत नाहीच. त्यासाठी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांची २० मुद्द्यांची यादी वापरतात, दर मुद्द्याला ० ते २ गुण, आणि तीही मुलाखतीसोबत जुन्या नोंदी तपासून. कादंबरीतले डॉक्टर दहा मिनिटांच्या गप्पांत शिक्का मारून मोकळे!

निशाचर: नोंदी डॉक्टरांना लागतात, वाचकाला नव्हे. लेखकाच्या वहीत सगळं असू द्या, पानावर त्याचा परिणाम दिसला की पुरे. खोलीत शिरताच तो आधी कडी तपासतो, एवढं बास.

कोरा कागद: भूतकाळ किती सांगायचा यापेक्षा कुणाच्या तोंडून, हे महत्त्वाचं. लॉफ्टस आणि पामर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली लोकांना मोटार अपघाताची फिल्म दाखवली. नंतर विचारलेल्या प्रश्नात सौम्य शब्दाऐवजी जोरदार धडकेचा शब्द घातला, तर आठवडाभराने ५० पैकी १६ जणांना फुटलेली काच 'आठवली'. सौम्य शब्दवाल्या ५० पैकी ७ जणांना. फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती. तेव्हा एकच घटना बहीण, शाळेची नोंद आणि खुद्द खुनी अशा तिघांकडून येऊ द्या, तपशील जुळू देऊ नका. खरं काय घडलं याचा तक्ता मात्र लेखकाकडे पक्का हवा: वर्ष, त्याचं वय, कुणाला काय ठाऊक. नाहीतर तिसऱ्या प्रकरणातला ९ वर्षांचा मुलगा विसाव्या प्रकरणात त्याच घटनेत ११ चा होतो, आणि वाचक त्या चुकीलाच धागादोरा समजून बसतो.

उलटतपासणी: हे पटलं. पण तिघांपैकी खरं कोण, याचा पुरावा उलगड्याआधी निदान दोनदा पानावर येऊन गेलेला हवा. प्रथमपुरुषी निवेदक एखादी गोष्ट टाळू शकतो, पण मनातल्या मनात, स्वतःशीच धडधडीत खोटं बोलायला लागला तर ती फसवणूक.

निशाचर: आणि ज्याला स्वतःचं खोटं खरंच वाटतं, त्याचं काय?